उसना

गोवर दाल्काउएच्या फेरीबोटीतून आला म्हणतात,
कुणा पाहुण्या पोराच्या अंगावरून.
अचाओची शाळा उघडीच आहे.
वारा खाडीकडून असला की घंटा ऐकू येते.
आयेलेन बोटांवर तास मोजते: पहिला, दुसरा,
आणि मधल्या सुट्टीला गप्प होते.

तिला ती लस चालत नाही.
डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलं, खाली दोन रेघा ओढल्या.
तिची लस म्हणजे वर्गातल्या सव्वीस दंडांवरच्या सुया.
त्यातले कोरे किती, मी विचारलं नव्हतं.
ओर्तेन्सिया स्वतःहूनच म्हणाली, आमच्या नातवाला नाही टोचलं, बाई,
आणि बटाट्यांची टोपली कुंपणावर ठेवून गेली.
बटाटे चांगले होते. आम्ही खाल्ले.

मी सहावीपर्यंत शिकले, तेही पाऊस कमी असलेल्या दिवसांत.
आता ती झोपली की चुलीपाशी तिचं पुस्तक उघडते,
भागाकार पुन्हा एकदा घोकते,
सकाळी तोच तिच्यापुढे मांडते, जणू जन्मापासून येत होता.
आम्हा दोघींत एका रात्रीचं अंतर.
तेवढ्यापुरती मी तिची बाई.

घड्याळ ती आठ आणि आठच्या गोळ्यांवर शिकली.
दशांश चिन्ह मला शिकवावंच लागलं नाही:
शून्य पूर्णांक आठ, ती पिचकारी उजेडात धरून म्हणते,
नऊ झालं आई, थोडं परत कर.

शुद्धलेखन जरा अवघड आहे.
पापा म्हणजे बटाटा. शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ दिली की बाप.
ती रेघ विसरते.
"माझा बटाटा पहाटे समुद्रावर जातो.
माझा बटाटा घरात येण्याआधी लाकडांच्या खोपटात
सगळे कपडे उतरवतो आणि थंड पाण्याने अंग धुतो."
लाल शाई मी वापरली नाही.

मंगळवारी वजाबाकी होती. बावन्न वजा सतरा.
दोनातून सात जात नाहीत, मी म्हटलं,
मग शेजारी दशकाच्या घरी जायचं, एक उसना मागायचा.
इथे बारा होतात.
तिथे पाच खोडून चार लिहायचे.
"परत कधी द्यायचा?"
परत नाही द्यायचा.
"मग तो उसना कसा?"
पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. रात्री मी पाहिलंच नव्हतं तिथवर.

तिने पेन्सिल खाली ठेवली.
औषधांनी सुजलेला गाल तळहातावर टेकवून
चुलीपाशी मोजे वाळवणाऱ्या एलिसेओकडे पाहत राहिली,
त्याच्या कमरेवर, शर्टाखाली जिथे तो लांबट व्रण आहे, तिथे.
मग आपल्या पोटावर हात ठेवून म्हणाली,
"कळलं. इथे माझं भागलं, आणि तिकडे खोडून कमी लिहिलं."
मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
"चार पुरतात मला," तो म्हणाला, आणि मोजा उलटा केला.

निबाल्दो माझ्या बहिणीकडे राहतो हल्ली.
त्याला शाळा हवी, म्हणून त्याला घर नाही;
असं मी म्हणत नाही, तोच म्हणाला, आणि लगेच हसला.
रविवारी प्रार्थनेनंतर तो खिडकीबाहेर उभा राहतो,
रेनकोटातून वही काढून काचेला चिकटवतो.
हिला त्यात चूक सापडते. चुकीइतकी आनंदाची गोष्ट
आठवडाभरात दुसरी घडलेली नसते.
काचेवर श्वास सोडून ती बोटाने बरोबर उत्तर लिहिते,
उलटं, म्हणजे त्याला सुलट दिसावं.
हे तिला कुणी शिकवलं नाही.
तो चिडून बाहेरून बाहीने पुसतो.
पुसलं जात नाही.
वाफ आतल्या बाजूला आहे.